ग्राम्य आणि अश्लील : दादा कोंडके यांच्या विनोदाचा भाषिक विचार

१

दादा कोंडके यांच्या चित्रपटांविषयी सुशिक्षितांच्या बैठकीत बोलणे निघाले, की दोन विशेषणे हटकून जोडीने येतात : ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’. ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे, की दोहोंचा अर्थ एकच असावा असा समज झाला आहे. जे ग्राम्य ते अश्लील, आणि जे अश्लील ते ग्राम्यच असणार, असे हे समीकरण आहे. कोंडके यांच्या चाहत्यांनी केलेला बचावही या समीकरणाच्या बाहेर जात नाही. ‘हा मातीतला विनोद आहे, खेड्यातली माणसे अशीच बोलतात’, असे ते म्हणतात. आक्षेपक आणि समर्थक यांच्यात निवाडा कोणता द्यावा एवढाच मतभेद असतो. खटल्याची मांडणी दोघांनाही मान्य असते.

प्रस्तुत लेखात या मांडणीचीच तपासणी करावयाची आहे. संस्कृत काव्यशास्त्राने ग्राम्यत्व आणि अश्लीलत्व हे दोन स्वतंत्र दोष मानले आहेत. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दोषांची जी गणना केली, तीत हे दोष वेगवेगळे येतात. अश्लीलाचे त्याने लज्जा, जुगुप्सा आणि अमंगल यांना अनुसरून तीन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे अश्लीलत्व ठरते ते शब्दाने श्रोत्याच्या मनात काय उत्पन्न केले यावरून. ग्राम्यत्व ठरते ते निराळ्याच कसोटीने. जो शब्द केवळ सामान्य लोकांच्या वापरात आहे, सुसंस्कृतांच्या नाही, तो ग्राम्य. येथे शब्द काय सांगतो हा प्रश्नच नाही. तो कोणाच्या तोंडी असतो, हा प्रश्न आहे. एक दोष परिणामाचा आहे, दुसरा मुक्कामाचा. हे दोन आक्षेप वेगळे केले, तर कोंडके यांच्या कारकिर्दीतील काय टिकाऊ आहे आणि काय नाही, हे पुष्कळ स्पष्ट होते, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

चरित्राचा आवश्यक तेवढाच तपशील येथे देतो. कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत, नायगावच्या गिरणगावात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील भोरजवळचे इंगवली. घर गिरणीच्या आधाराने उभे होते आणि भोवतीची चाळ कोकण, सातारा, पुणे, अहमदनगर अशा अनेक भागांतून आलेल्या कामगारांची होती. एका खोलीत घाटावरची बोली, शेजारच्या खोलीत कोकणी वळणाची मराठी, आणि खालच्या दुकानात या सर्वांची सरमिसळ, असे हे भाषिक वातावरण होते. कोंडके यांची पुढे प्रसिद्धीस आलेली बोली म्हणजे अमुक एका खेड्याची शुद्ध बोली नव्हे. गिरणगावात घडलेली, अनेक बोलींचे कंगोरे झिजून तयार झालेली ती एक सामायिक लोकभाषा आहे. तिला ‘खेडवळ’ म्हणणे भाषाशास्त्रदृष्ट्या अपुरे आहे. ती मुंबईत वाढली आहे.

तरुणपणी त्यांनी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली, बँडपथकात वादन केले, सेवादलाच्या कलापथकात कामे केली. पुढे स्वतःची लोकनाट्य मंडळी उभारली. वसंत सबनीस यांनी लिहिलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांच्या कारकिर्दीचा खरा पाया होय. या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. त्यातील हवालदाराच्या भूमिकेत कोंडके यांनी हजरजबाबीपणाची अशी तालीम केली, की छापील संहिता आणि प्रत्यक्ष प्रयोग यांत दर रात्री नवे अंतर पडत असे. तमाशातील बतावणीचे तंत्र त्यांनी येथे आत्मसात केले. प्रेक्षकाने पुढे काय म्हणावे याचा अंदाज बांधून त्याच्या अर्धा क्षण आधी बोलणे, हे ते तंत्र होय.

भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटाने त्यांचा पडद्यावर प्रवेश झाला. १९७१ साली त्यांनी स्वतः निर्मिलेला ‘सोंगाड्या’ आला. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हा चित्रपट लागावा म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मराठी चित्रपटाला मुंबईतच जागा मागावी लागत होती, ही त्या प्रसंगातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), आणि स्वतःच्या दिग्दर्शनाखालचा पहिला ‘पांडू हवालदार’ (१९७५) अशी मालिका सुरू झाली. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले व त्याची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथात झाली. १४ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

३

प्रथम ग्राम्यत्वाचा आक्षेप घेऊ. याचा विचार करण्यास देहूइतके योग्य स्थळ मराठीत दुसरे नाही. तुकोबांच्या विरुद्ध रामेश्वर भट्टांचा जो आक्षेप परंपरेने सांगितला आहे, तो अभंगांच्या आशयावर नव्हता. वेदांचा अर्थ शूद्राच्या मुखातून आणि प्राकृत भाषेतून प्रकट होतो, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणजे कोण बोलतो आणि कोणत्या भाषेत बोलतो, एवढाच प्रश्न होता. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या त्या या कारणाने. ग्राम्यत्व हा दोष मानला की तो कोठवर जातो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. गाथेत रोखठोक शब्द आहेत, शिव्यांच्या जवळ जाणारे शब्द आहेत, कुणब्याच्या आणि वाण्याच्या रोजच्या व्यवहारातील शब्द तर पदोपदी आहेत. आज त्यांना कोणी ग्राम्य म्हणत नाही. शब्द तेच राहिले. त्यांच्याकडे पाहणारे बदलले.

येथे गैरसमज नको. कोंडके यांची तुकोबांशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. अशी तुलना दोघांनाही न्याय देणार नाही. दाखवावयाचे आहे ते एवढेच, की ‘ग्राम्य’ हा शेरा भाषेविषयी काही सांगत नाही. तो शेरा मारणाऱ्याच्या स्थानाविषयी सांगतो.

चित्रपटाच्या क्षेत्रातलाच दाखला हवा असेल, तर तोही देहूच्याच कथेतून मिळतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकारामाइतकीच त्या चित्रपटातील गौरी यांची जिजाई प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. ही जिजाई करवादते, विठोबाचा उद्धार करते, तिची भाषा घरच्या चुलीपुढची आहे. चित्रपटातील हास्याचा मोठा भाग तिच्या या भाषेतून निर्माण होतो, आणि तो तुकारामाच्या अभंगांना बाध आणीत नाही. उलट तिच्या बोलीमुळे अभंग जमिनीवर उभा राहतो. चित्रपटातील खरा भ्रष्ट माणूस सालोमालो आहे. तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरविणारा हा कीर्तनकार प्रतिष्ठितांच्या भाषेत बोलतो. दामले आणि फत्तेलाल यांनी ग्राम्य कोण आणि अश्लील कोण, हा फरक १९३६ सालीच नीट दाखवून ठेवला होता.

आणखी एक तुलना उद्बोधक आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका त्यांचीच होती. इंद्रायणीकाठच्या आळंदीचे माडगूळकरांनी लिहिलेले आणि भीमसेन जोशी यांनी गायिलेले गीत याच चित्रपटातले. त्यातील नायक नाऱ्या हा भोळा, स्वप्नाळू, जगाने फसविलेला तरुण आहे. ‘सोंगाड्या’तील नाम्या हाही भोळा, स्वप्नाळू, जगाने फसविलेला तरुण आहे. दोघेही एकाच जातकुळीचे विनोदी नायक होत. पण एकाला अभिजात विनोदाच्या परंपरेत सहज प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याला दारातच अडविले गेले. दोहोंतील पहिला ठळक फरक विनोदाच्या जातीचा नसून क्रियापदांच्या रूपांचा आहे. नाऱ्या ज्या मराठीत विचार करतो ती पाठ्यपुस्तकाला जवळची आहे. नाम्याच्या तोंडी ‘आये’ आहे, ‘ह्यो’ आहे, ‘व्हय’ आहे.

ग्राम्यत्व आणि अश्लीलत्व यांचा संबंध आवश्यक नाही, याचा पुरावा कोंडके यांच्याच चित्रपटांत आहे. ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६) मधील महेंद्र कपूर यांनी गायिलेले मारुतीचे गाणे आजही हनुमान जयंतीला गावोगावच्या देवळांतून ऐकू येते. भाषा तीच, उच्चार तेच, चित्रपटही तोच. हे गाणे लावणाऱ्या मंडळास ते अश्लील वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नाही. एकाच बोलीत भक्तीही बोलता येते व चावटपणाही बोलता येतो. असे असेल, तर चावटपणाचा हिशेब बोलीच्या नावावर मांडता येणार नाही.

४

आता अश्लीलत्वाचा आक्षेप. तो इतक्या सहज निकालात निघत नाही, व निघूही नये. कोंडके यांचा द्व्यर्थ नेमका कसा घडतो, हे आधी पाहू. त्यांच्या चित्रपटांची नावे यासाठी पुरेशी आहेत. ती सर्वांना पाठ आहेत आणि त्यांत मराठी व्याकरणाचे बरेचसे रहस्य दडलेले आहे.

पहिला प्रकार समध्वनी शब्दांचा. ‘मुका घ्या मुका’ या नावात ‘मुका’ म्हणजे न बोलणारा आणि ‘मुका’ म्हणजे चुंबन हे दोन वेगळे शब्द एकाच ध्वनिरूपात भेटतात. शिवाय वाक्याचा साचा ‘भाजी घ्या भाजी’ या फेरीवाल्याच्या आरोळीचा आहे. हा खरा शब्दश्लेष होय.

दुसरा प्रकार अध्याहृत पदाचा. मराठीत कर्ता गाळता येतो, पण क्रियापद त्याचे लिंग जपून ठेवते. ‘आली अंगावर’ (१९८२) या नावात कर्ता नाही, फक्त स्त्रीलिंगाची खूण आहे. आली ती आफत, जबाबदारी की स्त्री, हे ऐकणाऱ्याने भरावयाचे. ‘तुमचं आमचं जमलं’ यात नपुंसकलिंगी ‘जमलं’ आहे. काय जमले हे मराठी व्याकरण विचारीत नाही. ‘वाजवू का’ (१९९६) यात कर्मच गाळले आहे. ज्या भाषांत कर्ता व कर्म गाळता येत नाही, त्यांत हा विनोद करता येणार नाही. तो मराठीच्या घडणीतून आला आहे.

तिसरा प्रकार वाक्प्रचार शब्दशः घेण्याचा. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) आणि ‘एकटा जीव सदाशिव’ ही लोकांच्या तोंडची तयार बोलणी आहेत. लाक्षणिक अर्थ बाजूला सारून वाच्यार्थ जागा केला, की हसू येते. लक्षणेकडून अभिधेकडे जाणारा हा उलटा प्रवास होय.

चौथा प्रकार केवळ प्रसंगाचा. ‘येऊ का घरात’ (१९९२) या वाक्यात ना श्लेष आहे, ना गाळलेले पद, ना वाक्प्रचार. पाहुणा रोज हेच विचारतो. दुसरा अर्थ येतो तो कोणी, कोणाला आणि केव्हा विचारले यातून.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. दुसरा अर्थ उच्चारलेला नसतो. परिनिरीक्षण मंडळापुढे या चित्रपटांचा सरळ बचाव उभा राहतो तो यामुळेच : आम्ही म्हटलेले हे, तुम्ही ऐकले ते तुमच्या मनातले. ही केवळ चतुराई नव्हे. यात अर्थविचारातील एक मूलभूत तत्त्व आहे. विसाव्या शतकातील ग्राइस या तत्त्वज्ञाने दाखवून दिले, की संभाषणात सूचित होणारा अर्थ बोलणाऱ्याला केव्हाही नाकारता येतो. वाच्यार्थ नाकारता येत नाही. मम्मटाच्या परिभाषेत ही अभिधामूला व्यंजना होय. अनेकार्थी शब्द संदर्भाने एका अर्थात बांधला गेल्यावरही दुसरा अर्थ जेथे ध्वनित होतो, तेथे ती असते. या बांधणाऱ्या गोष्टींची यादी भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दिली आहे. साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल इत्यादी घटक शब्दाचा अर्थ निश्चित करतात. ही यादी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

५

पण यंत्रणा समजली म्हणजे मूल्य समजले असे नाही. तीच यंत्रणा उत्तम विनोदात असते आणि सवंग विनोदातही. मग फरक कशाने पडतो? आमच्या मते तो एका प्रश्नाच्या उत्तराने पडतो : दुसरा अर्थ कोणाला ठाऊक आहे?

‘सोंगाड्या’तील नाम्या आठवावा. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, खाली लोंबणारी नाडी, तोंडात ‘आये’, आणि रत्नमाला यांनी उभी केलेली करारी आई. हा पोशाख आणि ही आई मिळून एक विधान करतात : हा वाढलेला देह आहे, पण आतले मूल तसेच आहे. उषा चव्हाण यांच्या कलावतीवर, म्हणजे तमाशातील नाचणारणीवर, तो लुब्ध होतो. पण त्याचे लुब्ध होणे जत्रेतल्या मुलाचे असते. तो बोलतो त्यातला दुसरा अर्थ प्रेक्षकाला कळतो, त्याला कळत नाही. हसता हसता प्रेक्षक अडचणीत येतो, कारण चावटपणा बोलणाऱ्यात सापडत नाही. तो शोधावयाचा तर स्वतःत शोधावा लागतो. आंगिक अभिनय, वेष आणि भाषा यांनी मिळून उभी केलेली ही निरागसता हे कोंडके यांचे खरे कलात्मक कर्तृत्व होय. द्व्यर्थ हे तिचे साधन होते.

मराठी परंपरेत या रचनेचे मूळ शोधताना एकनाथांच्या भारुडांकडे जावे लागते. भारुडातही दोन अर्थ असतात. वरचा अर्थ प्रापंचिक, क्वचित भडकही असतो. सासू, सासरा, नवरा यांच्यापासून सुटका मागणारी स्त्री देवीला नवस बोलते आणि ऐकणारे हसतात; आतला अर्थ मात्र विकारांपासून सुटकेचा असतो. श्रोत्याने वरून आत जावयाचे, देहाकडून परमार्थाकडे. कोंडके यांच्या विनोदात वरचा अर्थ निष्पाप आणि आतला दैहिक असतो. दिशा उलटी आहे, पण श्रोत्याने स्वतः चालून जाण्याची अट दोन्हीकडे आहे. भारुड ऐकणारा समाजच गवळण आणि बतावणी ऐकत होता. कीर्तनाच्या फडात आणि तमाशाच्या कनातीत तीच माणसे वेगवेगळ्या रात्री बसत. एक वाक्य दोन पातळ्यांवर ऐकण्याची सवय त्यांना कोंडके यांच्या कितीतरी आधीपासून होती.

‘पांडू हवालदार’मध्ये या निरागसतेला दुसरी धार आली. अशोक सराफ यांच्या व्यवहारी हवालदाराशेजारी कोंडके यांचा भाबडा पांडू उभा राहतो, तेव्हा विनोदाचे लक्ष्य सत्ता होते. ‘विच्छा’मधील हवालदाराचाच हा वारस होय. पोलीस शिपायाला ‘पांडू’ म्हणण्याचा प्रघात या चित्रपटाने घरोघर पोहोचविला. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेच्या इतिहासातील दुर्मिळ मानाची गोष्ट आहे. ती विनोदी पात्रांच्या वाट्याला क्वचितच येते.

६

या कसोटीवर पुढील कारकीर्द तपासली, तर उतार कोठे सुरू झाला हे दिसते. तो एका वर्षी किंवा एका चित्रपटाने आला नाही. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण भर्तृहरीच्या यादीत आहे. शब्दाचा अर्थ प्रकरणाने ठरतो. १९७१ साली प्रेक्षक ‘सोंगाड्या’ला गेला तेव्हा प्रकरण मोकळे होते, नाम्याचे वाक्य आधी सरळ ऐकू येई आणि मग दुसऱ्या अर्थाचा धक्का बसे. दहाबारा वर्षांनी ‘दादा कोंडके’ हे नावच प्रकरण बनले. तिकीट काढतानाच प्रेक्षकाने दुसरा अर्थ हातात घेतलेला असे. आता कोणतेही साधे वाक्य साधे राहू शकत नव्हते. पहिला अर्थ ऐकलाच गेला नाही, तर श्लेष उरत नाही. उरतो तो फक्त एक अर्थ, आणि तो चावट. यशाने विनोदाचे साधनच निकामी केले, असे म्हणावे लागते. नावांतही हे दिसते. ‘एकटा जीव सदाशिव’ हे नाव दुसऱ्या अर्थाविना पूर्ण आहे. ‘वाजवू का’ हे नाव दुसऱ्या अर्थाविना जवळजवळ रिकामे आहे. श्लेषात दोन्ही अर्थ आपापल्या पायांवर उभे असले पाहिजेत. एक जर केवळ निमित्त असेल, तर तो श्लेष नव्हे, आडपडदा होय.

दुसरे कारण वयाचे. ‘सोंगाड्या’च्या वेळी कोंडके एकोणचाळिशीच्या घरात होते, ‘सासरचं धोतर’ (१९९४) आला तेव्हा बासष्ट वर्षांचे. आतले मूल आणि वाढलेला देह यांतील अंतर हा विनोदाचा आधार होता. ते अंतर ताणले गेले, की प्रेक्षकाला मूल दिसेनासे होते आणि मुलाचे सोंग घेतलेला प्रौढ दिसू लागतो. ज्याला सर्व कळते पण जो कळत नसल्याचे भासवतो, तो भोळा नव्हे. अश्लीलत्वाचा आक्षेप येथे खरा ठरतो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे, आणि ते स्त्रीविषयी आहे. तमाशाच्या बतावणीत व गवळणीत सोंगाड्याला उत्तर मिळते. मावशी त्याला गप्प करते, गवळणी त्याची फजिती करतात, आणि प्रेक्षकांचा मोठा हशा त्या फजितीला असतो. ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०) या नावात बोलणारी स्त्री आहे. मागणी तिची आहे. ‘पळवापळवी’ (१९९०), ‘येऊ का घरात’, ‘वाजवू का’ या नावांत तो आवाज ऐकू येत नाही. ‘येऊ’, ‘वाजवू’ ही रूपे व्याकरणाने स्त्री-पुरुष दोघांनाही चालतात. पण नाव म्हणून वाचताना ती नायकाच्याच तोंडची वाटतात, आणि प्रश्न असूनही त्यांना उत्तराची अपेक्षा दिसत नाही. जिला उत्तर देण्याचा अधिकार होता, ती केवळ ऐकणारी झाली. विनोदाचा रोख वर हवालदाराच्या खुर्चीकडे असतो तोवर द्व्यर्थ हे दुर्बलाचे शस्त्र असते. रोख खाली वळला, की तेच शस्त्र छेडछाडीचे होते. ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ ही सबब मंडळापुढे सुटकेची होती. रस्त्यावरच्या मुलीपुढे तीच सबब अन्यायाची आहे. सूचित अर्थ नाकारता येतो, हे तत्त्व तटस्थ आहे. ते कोणाच्या हाती पडते यावर त्याचे नैतिक मूल्य ठरते. कोंडके यांच्या चाहत्यांनी हा भाग टाळून त्यांचा गौरव करू नये.

हिंदीत त्यांनी केलेल्या ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या चित्रपटांचा येथे स्वतंत्र विचार हवा. दुसऱ्या नावातील ‘दिया’ हा शब्द दिवा आणि ‘दिले’ असा दुहेरी आहे. श्लेष म्हणून तो निर्दोष आहे. तरी मराठीतले यश तेथे मिळाले नाही. कारण यंत्रणा भाषांतरित झाली, पण बोली झाली नाही. नाम्याची निरागसता त्याच्या ‘आये’त होती, गिरणगावच्या सुरात होती. ती काढून घेतल्यावर केवळ कोटी उरली. ज्या ग्राम्यत्वाला दोष म्हटले गेले, तेच या कलेचे प्राणतत्त्व होते, याचा हा उलट बाजूने मिळालेला पुरावा होय.

७

इटलीतील तोतो या नटाचा दाखला येथे उपयोगी पडेल. नेपल्समध्ये १८९८ साली जन्मलेला हा नट स्वस्त रंगमंचांवर घडला आणि पुढे शंभराच्या आसपास चित्रपटांत चमकला. नेपल्सच्या बोलीतला माणूस सरकारी, भारदस्त इटालियन बोलू पाहतो आणि त्या भाषेचाच पोकळपणा उघडा पडतो, हे त्याच्या विनोदाचे सूत्र होते. हयातीत समीक्षकांनी त्याला हलका मानले. १९६६ साली पासोलिनी या कवी-दिग्दर्शकाने त्याला आपल्या चित्रपटात प्रमुख भूमिका दिली. १९६७ साली त्याचे निधन झाले. त्यानंतर इटलीत त्याच्या भाषेचा अभ्यास गांभीर्याने होऊ लागला. तेथेही सर्वच चित्रपट चांगले ठरले नाहीत. पण निवड झाली, तपासणी झाली, आणि बोलीला दोष देणे थांबले.

आपल्याकडे ही निवड अद्याप व्हावयाची आहे. आमच्या मते ‘विच्छा’, ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’ आणि ‘पांडू हवालदार’ यांना मराठी विनोदाच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली पाहिजे. नंतरच्या चित्रपटांतील बराचसा भाग तेथे येऊ नये. पण तो वगळताना कारण नीट सांगितले पाहिजे. ते कारण अश्लीलत्वाचे असावे आणि पुराव्यासह असावे. ग्राम्यत्वाचे असू नये.

हा भेद केवळ एका नटापुरता महत्त्वाचा नाही. आज देहूच्या भोवती चाकण ते पिंपरी-चिंचवड असा कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर येथून आलेली कुटुंबे या पट्ट्यात राहतात. पूर्वी गिरणगावात झाली तशीच बोलींची सरमिसळ येथे चालू आहे. या घरांतील मुले आमच्या पदव्युत्तर वर्गांत येतात आणि पहिल्या सत्रातच स्वतःची बोली दाराबाहेर ठेवावयास शिकतात, कारण ‘ग्राम्य’ हा शेरा त्यांनी शाळेपासून ऐकलेला असतो. त्या शेऱ्याला चिकटून दुसरे विशेषणही येते. ‘असे बोलू नये’ हे वाक्य कधी उच्चाराबद्दल असते, कधी आशयाबद्दल. मुलाला दोन्ही एकच वाटतात. आपली बोलीच लाजिरवाणी आहे, असा त्याचा ग्रह होतो.

भाषेच्या अध्यापकाचे या बाबतीतील काम मर्यादित पण निश्चित आहे. आशय वाईट असेल तर त्यास वाईट म्हणावे. तो कोणत्याही बोलीत असो, प्रमाणभाषेत असो. आणि बोली ही बोली म्हणून नोंदवावी, तपासावी, शिकवावी. कोंडके यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांतील संवादांची उच्चारानुसारी संहिता तयार करणे, त्यातील सर्वनामे, क्रियारूपे आणि हेल यांची नोंद करणे, हे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे असे आहे. नाम्या ‘आये’ अशी हाक मारतो तेव्हा तिच्यात लाज वाटावी असे काही नाही, एवढे जरी त्या अभ्यासाने ठरले, तरी ‘ग्राम्य’ या शेऱ्याचा मराठी वर्गातील जोर बराच कमी होईल.